लेखणीचे विक्रीनिवेदन : एका दुर्लक्षित गद्यप्रकाराची मीमांसा

१

साहित्याभ्यासात कोणत्या संहितांना प्रवेश द्यायचा आणि कोणत्या उंबऱ्याबाहेर ठेवायच्या, याची एक अलिखित रेषा प्रत्येक काळात असते. पत्रे, रोजनिश्या, प्रस्तावना, अर्पणपत्रिका, मलपृष्ठावरील मजकूर यांना गेल्या काही दशकांत आपण आत घेतले आहे. जेरार जेनेत या फ्रेंच समीक्षकाने १९८७ साली ग्रंथाच्या अशा उंबरठ्यांवरच एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. परंतु लेखक आपले लेखन नव्हे, तर आपली लेखनसेवा विकण्यासाठी जे गद्य लिहितो, त्याच्याकडे एक गद्यप्रकार म्हणून पाहण्याची गरज आपल्याला फारशी वाटलेली नाही.

या विषयाकडे वळण्यास एक साधा प्रसंग कारण झाला. आमच्या विभागातून एम. ए. झालेली एक विद्यार्थिनी कोठेही नोकरी न करता लेखनाची कामे घेऊन उदरनिर्वाह करते. भाषांतरे, संस्थांच्या स्मरणिका, कुणाच्या आठवणींचे शब्दांकन, माहितीपटांच्या संहिता अशी ही कामे असतात. संभाव्य ग्राहकांना देण्यासाठी तिने आपल्या सेवेविषयी एक पानभर मजकूर तयार केला होता आणि ‘शुद्धलेखन तेवढे पाहाल का, सर?’ म्हणून तो माझ्याकडे आणला होता. शुद्धलेखनात एकही चूक नव्हती. तरीही तो मजकूर वाचून कोणी तिला काम देईल असे वाटत नव्हते. का वाटत नाही, हे मात्र मला तिला सांगता येईना. दीर्घकवितेच्या संरचनेवर आम्ही तिला दोन वर्षे शिकवले होते. या एका पानाविषयी बोलण्यास आमच्यापाशी परिभाषा नव्हती. प्रस्तुत लेख हे तिच्या त्या पानाला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

इंग्रजी व्यवसायभाषेत अशा मजकुराला ‘सेल्स पेज’ म्हणतात. मराठीत ‘विक्रीपत्र’ हा शब्द मालमत्तेच्या दस्तऐवजासाठी रूढ असल्याने येथे ‘विक्रीनिवेदन’ हा शब्द योजला आहे. असे निवेदन प्रभावी केव्हा ठरते, हा आपल्यापुढील प्रश्न आहे. त्यातील वर्णनाची आकर्षकता हे त्याचे प्रचलित उत्तर होय. ते अपुरे आहे, असे मला वाटते. निवेदनकर्ता आपल्या वाचकाला किती नेमकेपणाने ओळखतो आणि स्वतःला शब्दाने किती नेमकेपणाने बांधून घेतो, या दोन गोष्टींवर त्याचा प्रभाव अवलंबून असतो, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२

येथे पहिला आक्षेप संभवतो तो असा की, हा बाजाराचा विषय आहे, वाङ्मयाचा नव्हे. हा आक्षेप आपल्या परंपरेच्या साक्षीने टिकत नाही. अकराव्या शतकातील मम्मटाने काव्याची जी सहा प्रयोजने सांगितली त्यांत यशाच्या पाठोपाठ अर्थप्राप्तीचा निर्देश आहे, आणि तो करताना त्याला संकोच वाटलेला नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे कृष्णाजी अनंत सभासदाने शिवचरित्राची बखर लिहिली ती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. मराठी गद्याच्या इतिहासात ज्यांचा आपण अभिमानाने उल्लेख करतो त्या बखरींपैकी ही एक ‘सांगून लिहवून घेतलेली’ कृती आहे. मुंबईच्या मुख्य टपाल कचेरीसमोर बसून निरक्षर गिरणी कामगारांची आणि हमालांची पत्रे लिहून देणारे पत्रलेखक हेही याच परंपरेचे सामान्य वारसदार होत. लेखनाचा मोबदला ही आधुनिक विकृती आहे ही समजूत रोमँटिक साहित्यविचारातून आलेली आहे. आपण ती वर्गात नकळत शिकवत राहतो.

पाश्चात्त्य वाङ्मयेतिहासात तर विक्रीनिवेदनाचा एक नामांकित नमुनाच उपलब्ध आहे. आश्रयदात्या सरदाराकडून ग्रंथविक्रेत्याकडे आणि तेथून थेट वाचकाकडे, असा लेखकाच्या उपजीविकेचा आधार अठराव्या शतकातील लंडनमध्ये सरकत होता. या संक्रमणकाळात सॅम्युएल जॉन्सनने १९५६ च्या बरोबर दोनशे वर्षे आधी, म्हणजे १७५६ साली, शेक्सपिअरच्या नाटकांच्या नव्या आवृत्तीसाठी वर्गणीदार मिळवण्याकरिता एक निवेदन प्रसिद्ध केले. त्याची रचना लक्षणीय आहे. शेक्सपिअरची संहिता भ्रष्ट का झाली, त्यातील कोणते भाग आजच्या वाचकाला दुर्बोध वाटतात आणि का, याचे विवेचन त्यात आहे. त्यावर संपादक म्हणून आपण काय करणार हे सांगितले आहे. आणि अटीही स्पष्ट आहेत. आठ खंड, वर्गणी दोन गिनी, पैकी एक नाव नोंदवताना व दुसरी ग्रंथ हाती पडल्यावर, आणि प्रकाशन १७५७ च्या नाताळापर्यंत. हे निवेदन आज समीक्षात्मक गद्य म्हणूनही वाचले जाते. याचे कारण असे की, विक्रीसाठी जे सांगावे लागले तेच त्याच्या समीक्षेचे सार होते. या निवेदनाच्या पुढील कथेकडे आपल्याला लेखाच्या उत्तरार्धात परत यावे लागेल.

मराठीतही ज्ञानकोशकार श्री. व्यं. केतकर यांना कोशाच्या विद्वत्तेइतकीच शक्ती भागधारक आणि आगाऊ वर्गणीदार मिळवण्यासाठी खर्चावी लागली. त्या खटाटोपाचा इतिहास त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात (१९२७) स्वतःच लिहून ठेवला आहे. ज्ञानव्यवहाराला निवेदनाची, म्हणजे अपरिचित माणसाकडे शब्दांच्या बळावर विश्वास मागण्याची, गरज पडते, हे त्यांना पुरते उमगले होते.

३

मग अशा निवेदनाचे घटक कोणते? विसाव्या शतकातील अमेरिकी जाहिरातशास्त्राने याची अनेक सूत्रे दिली आहेत: लक्ष वेधणे, कुतूहल जागवणे, इच्छा निर्माण करणे, कृतीला प्रवृत्त करणे, इत्यादी. या सूत्रांचा व्यावहारिक उपयोग नाकारता येणार नाही. परंतु ती वाचकाला एक उद्दीपन स्वीकारणारा जीव मानतात, अर्थ लावणारा माणूस मानत नाहीत. या दृष्टीने आपल्या शास्त्रग्रंथांच्या आरंभी येणारे अनुबंधचतुष्टय अधिक उपकारक वाटते. विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी ही ती चार अंगे. ग्रंथ कशाविषयी आहे, त्यापासून काय साधेल, ग्रंथ आणि ते साध्य यांचा संबंध कोणता, आणि तो कोणासाठी आहे, हे चार प्रश्न वाचक ग्रंथ हाती घेण्यापूर्वी मनात विचारतो, हे प्राचीनांनी ओळखले होते. रामदासांनी दासबोधाचा पहिला समास याच प्रश्नांना दिला आहे. ग्रंथाचे नाव काय, त्यात काय बोलले आहे, श्रवण केल्याने काय मिळते, असे श्रोत्याच्या तोंडचे प्रश्न घेऊन तो उलगडतो आणि फलश्रुतीपर्यंत जातो.

लेखनसेवेच्या निवेदनाला ही चौकट लावून पाहिली की सामान्य निवेदने कोठे उणी पडतात हे चटकन दिसते. बहुतेक निवेदनांत विषय असतो: ‘भाषांतर, संपादन, शब्दांकन’. प्रयोजन क्वचित असते. असले तर ‘दर्जेदार मजकूर’ एवढेच. संबंध, म्हणजे या लेखकाच्या या कृतीतून ते प्रयोजन कसे सिद्ध होईल याची कार्यपद्धती, जवळजवळ नसतेच. आणि अधिकारी हे अंग तर पूर्णतः गाळलेले असते. निवेदन ‘सर्वांसाठी’ लिहिलेले असते. आपल्या शास्त्रकारांनी अधिकारी सांगताना अनधिकारीही सूचित केला, कारण ज्याला उपयोग नाही त्याला वाट दाखवणे हीही प्रामाणिकपणाची खूण होती. ‘कथा-कादंबऱ्यांचे संपादन मी करत नाही’ किंवा ‘आठ दिवसांत पुस्तक हवे असल्यास कृपया अन्यत्र पाहावे’ या वाक्याने काही ग्राहक जातात हे खरे. परंतु जो उरतो त्याला आपल्याशी कोणीतरी बोलते आहे असे वाटते. वोल्फगांग इझर ज्याला संहितेत अनुस्यूत असलेला वाचक म्हणतो, तो येथे केवळ सैद्धांतिक संकल्पना राहत नाही. त्याची रेखाकृती स्पष्ट असेल तरच प्रत्यक्ष वाचक त्या जागी येऊन बसतो.

४

आतापर्यंतचे विवेचन कोणत्याही सेवेच्या निवेदनाला लागू पडेल. लेखनसेवेचे वेगळेपण यापुढे सुरू होते. सुताराची जाहिरात लाकडाची नसते, वैद्याची जाहिरात औषधाची बनलेली नसते; लेखकाची जाहिरात मात्र त्याच द्रव्याची बनलेली असते जे तो विकतो आहे. येथे वस्तू आणि नमुना यांचे अद्वैत आहे. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रात सांगितले की, वक्त्याच्या चारित्र्याविषयीचा विश्वास त्याच्या पूर्वकीर्तीतून नव्हे, तर भाषणातूनच निर्माण व्हावा. ही अपेक्षा लेखनसेवेच्या निवेदनाइतकी अक्षरशः अन्यत्र कोठे लागू होत असेल असे वाटत नाही. म्हणून या प्रकारात स्वतःच्या लेखनाविषयीचे प्रत्येक विशेषण स्वतःविरुद्ध साक्ष देते. ‘माझी भाषा ओघवती आहे’ हे वाक्य ओघवते असेल तर अनावश्यक आणि नसेल तर असत्य.

पुढील दोन नमुने विवेचनासाठी मीच रचलेले आहेत. पहिला अशा मजकुरांच्या सर्वसाधारण घडणीवरून.

‘अनुभवी, सर्जनशील व अभ्यासू लेखकाकडून सर्व प्रकारचे मराठी लेखन दर्जेदार स्वरूपात, वेळेत व वाजवी दरात करून मिळेल. आमची सेवा एकदा अवश्य अनुभवा.’

‘तुमच्या संस्थेला पुढील वर्षी पन्नास वर्षे होत आहेत. कपाटात जुनी इतिवृत्ते आहेत, छायाचित्रे आहेत, निवृत्त शिक्षकांच्या आठवणी आहेत. या सगळ्यांतून सलग इतिहास लिहायला मात्र कोणाला सवड नाही. हे काम मी करतो. इतिवृत्ते वाचतो, दहा जणांच्या मुलाखती घेतो आणि दीडशे पानांपर्यंतचा मजकूर सहा महिन्यांत देतो. दुरुस्त्या दोन वेळा. मुद्रितशोधन यात आहे. मांडणी आणि छपाई नाही.’

पहिल्या नमुन्यातील ‘करून मिळेल’ हे क्रियारूप विचार करण्यासारखे आहे. मराठी दुकानांच्या पाट्यांवरील हा रूढ प्रयोग: ‘येथे टंकलेखन करून मिळेल’, ‘छत्र्या दुरुस्त करून मिळतील’. या रचनेत करणारा व्याकरणातूनच नाहीसा होतो. उरतात ते काम आणि ग्राहकाचे मिळणे. छत्रीच्या बाबतीत हे योग्यच आहे, कारण ती कोणी दुरुस्त केली याला महत्त्व नसते. लेखनाच्या बाबतीत मात्र कोण लिहिणार हाच ग्राहकाचा मुख्य प्रश्न असतो, आणि नेमका तोच कर्ता या वाक्यात लपलेला आहे. विद्यार्थिनीच्या पानावर हे क्रियापद चार वेळा आले होते. तिच्या व्याकरणात चूक नव्हती. तिने पाटीची भाषा उचलली होती, कारण मराठीत सेवा विकण्याची दुसरी भाषा तिला कोणी दाखवलीच नव्हती.

सर्वनामांचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. एकट्याने काम करणारा लेखक ‘आम्ही’ म्हणतो तेव्हा तो एका संस्थेचा आभास निर्माण करतो. ग्राहक पहिल्याच भेटीत ते ओळखतो आणि विश्वासाला पहिला तडा तेथे जातो. वाचकासाठी ‘आपण’ वापरावे की ‘तुम्ही’? ‘आपण’ आदरार्थी खरे, पण ते वक्त्यासह सर्वांना कवेत घेणारेही असल्याने ‘आपण हे काम सहा महिन्यांत पूर्ण करू’ अशा वाक्यात जबाबदारी कोणाची हे धूसर होते. ‘मी’ आणि ‘तुम्ही’ ही जोडी थोडी रोखठोक वाटते. परंतु व्यवहारातील दोन बाजू ती स्वच्छपणे वेगळ्या करते.

दुसऱ्या नमुन्यात एकही विशेषण लेखकाच्या स्तुतीचे नाही. त्याचे आरंभीचे वर्णन ग्राहकाच्या कपाटाचे आहे. मला असे वाटते की, लेखकाच्या कौशल्याचा खरा पुरावा येथेच मिळतो. विखुरलेल्या सामग्रीतून दुसऱ्याची स्थिती ओळखून ती थोडक्यात मांडणे, हेच तर स्मरणिकेचे काम असते. ते काम निवेदनाने वाचकाच्या डोळ्यांदेखत करून दाखवले आहे.

५

येथे एक विरोधाभास लक्षात घ्यावा लागतो. शब्दांकनकार किंवा अनुवादक जी सेवा विकतो ती पुष्कळदा स्वतःच्या आवाजाच्या विलोपाची असते. कारखानदाराच्या आत्मकथनात कारखानदाराचा आवाज ऐकू यावा, शब्दांकनकाराचा नव्हे. मग त्याचे स्वतःचे निवेदन कोणत्या आवाजात असावे? फार शैलीदार असेल तर ग्राहकाला भीती वाटते की आपले पुस्तक याच शैलीत बुडेल. अगदी निर्विकार असेल तर नमुना म्हणून ते काहीच सिद्ध करत नाही. क्षेमेंद्राने ज्या औचित्याला काव्याचे जीवित म्हटले, ते येथे शैलीचा संयम या रूपाने अवतरते. वाचकाचे बोलणे त्याच्याच शब्दांच्या जवळ जाऊन मांडणे आणि स्वतःविषयी बोलताना साधे राहणे, एवढ्याने हा पेच सुटतो असे दिसते.

जाहिरातलेखनाच्या परंपरेतील अनुभवही याला पूरक आहे. क्लॉड हॉपकिन्स याने १९२३ साली जाहिरातीच्या शास्त्रावर लिहिलेल्या पुस्तकात सर्वसाधारण स्तुतीपेक्षा निश्चित तपशील अधिक विश्वसनीय ठरतो, या मुद्द्यावर भर दिला होता. जॉन केपल्सने १९२६ साली एका संगीत शिक्षणसंस्थेसाठी लिहिलेली जाहिरात याच्या उलट टोकाची. मेजवानीत पियानोपाशी बसलेल्या माणसाला लोक हसतात आणि तो वाजवू लागताच स्तब्ध होतात, अशी एक छोटी कथाच ती सांगते. ती अत्यंत परिणामकारक मानली जाते आणि तिची असंख्य अनुकरणे झाली. परंतु लेखनसेवेने या कथनतंत्राचे अनुकरण करावे काय? माझे उत्तर नकारार्थी आहे. केपल्सची कथा शिकणाऱ्याच्या स्वप्नाला आवाहन करते. संस्थेचा इतिहास लिहवून घेणाऱ्या चिटणीसाला स्वप्न नको असते; त्याला कार्यकारिणीपुढे दाखवता येईल असा कागद हवा असतो. वाचक बदलला की अलंकारही बदलावा लागतो.

पूर्वीच्या ग्राहकांचे अभिप्राय हा निवेदनाचा आणखी एक रूढ घटक. ‘उत्तम काम, धन्यवाद’ असे अभिप्राय दहा छापले तरी त्यांतून काही कळत नाही, कारण ते कोणत्याही कामाविषयी खरे असू शकतात. ‘वडिलांच्या बोलीतले शब्द तसेच ठेवले’ असा एक अभिप्राय पुरेसा असतो. त्यात एक विशिष्ट निर्णय नोंदलेला आहे. मात्र शब्दांकनात गुप्ततेचे वचन दिलेले असेल, तर ते काम नमुना म्हणून दाखवणे आणि त्या ग्राहकाचे नाव छापणे हे वचनभंगच होय. ज्याने एकाचे गुपित जाहिरातीसाठी उघडे केले त्याच्यावर दुसरा विश्वास कसा ठेवील?

६

विद्यार्थिनीच्या पानावर दराचा उल्लेख नव्हता. ‘दर कामानुसार’ असे दोन शब्द शेवटी होते. पैशाविषयीचा हा संकोच आमच्याच विभागाची देणगी आहे. दर न लिहिणे म्हणजे नम्रता अशी आपली समजूत असते. व्यवहारात त्याचा अर्थ दर ठरवण्याचा अधिकार समोरच्याला बहाल करणे असा होतो. मीही एकदा एका संस्थेच्या गौरवग्रंथाचे संपादन ‘मानधनाचे नंतर पाहू’ या शब्दावर स्वीकारले होते. शेवटी शाल आणि श्रीफळ मिळाले. दोष संस्थेचा होता तितकाच माझ्या मौनाचाही होता.

दर लिहिताना भाषेची जाण किती आवश्यक असते याचे एक उदाहरण पुरे. इंग्रजीतून मराठीत भाषांतराचा दर शब्दावर ठरवण्याची पद्धत आहे. परंतु मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला जोडून लिहिली जातात. इंग्रजीतील ‘इन द हाउस’ हे तीन शब्द, मराठीतील ‘घरात’ हा एक. त्यामुळे मूळ इंग्रजीतील शब्दसंख्येपेक्षा मराठी अनुवादाची शब्दसंख्या सामान्यतः कमी भरते. दर मूळ संहितेच्या शब्दांवर की अनुवादाच्या, हे निवेदनात सांगितले नाही तर अनुवादक आपल्याच भाषेच्या रूपव्यवस्थेमुळे नुकसानीत जातो. भाषाविज्ञानाच्या तासाला आपण संश्लिष्ट रूपे शिकवतो. त्यांचा हा अर्थशास्त्रीय परिणाम शिकवत नाही.

हक्कांचेही तसेच. भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार लेखक हाच साहित्यकृतीच्या हक्काचा प्रथम स्वामी असतो. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून केलेल्या लेखनाला यात अपवाद आहे. स्वतंत्रपणे काम घेणारा लेखक नोकर नसल्याने केवळ मोबदला घेतला म्हणून त्याचा हक्क आपोआप ग्राहकाकडे जात नाही. हस्तांतर करायचे तर कलम १९ प्रमाणे ते लेखी व स्वाक्षरीसह असावे लागते. मुदत नमूद नसेल तर ते पाच वर्षांपुरतेच मानले जाते. आणि कलम ५७ लेखकाला आपल्या कर्तृत्वाचा जो विशेष हक्क देते तो हस्तांतरानंतरही स्वतंत्रपणे उरतो. पुस्तकावर ‘शब्दांकन’ म्हणून नाव येणार की नाही, मजकुरावर पुढे हक्क कोणाचा, या गोष्टी निवेदनात एका ओळीत आल्या तर पुढचे अनेक कटू प्रसंग टळतात.

जे. एल. ऑस्टिनने दाखवून दिले की वचन देणे हे एखाद्या वस्तुस्थितीचे वर्णन नसून ती स्वतःच एक कृती असते आणि ती सिद्ध होण्यासाठी काही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. विक्रीनिवेदनाचे वरवरचे रूप वर्णनाचे असले तरी त्याची अंतर्गत प्रकृती वचनाची आहे. ‘दर्जेदार सेवा’ हे वचन होऊ शकत नाही, कारण ते मोडले हे कधीच सिद्ध करता येत नाही. ‘दुरुस्त्या दोन वेळा’ हे वचन आहे, कारण ते मोडता येते. जे मोडता येते तेच पाळता येते, आणि म्हणून तेच विश्वास निर्माण करू शकते.

जॉन्सनच्या निवेदनाची उरलेली कथा येथे सांगायला हवी. १७५७ चा नाताळ उलटला. ग्रंथ आला नाही. वर्गणीदारांचे पैसे घेऊन पुस्तक कोठे आहे, अशी कवी चार्ल्स चर्चिलने १७६२ मध्ये उघड टवाळी केली. आवृत्ती निघाली ती १७६५ साली, आठ वर्षांच्या विलंबाने, आणि तिची प्रस्तावना इंग्रजी समीक्षेतील एक मानदंड ठरली. या कथेतून दोन गोष्टी दिसतात. निवेदन वर्गणीदार मिळवण्यात यशस्वी झाले, म्हणजे प्रचलित अर्थाने प्रभावी होते. तरीही त्याने दिलेले एक वचन मोडले. आणि ते मोडले हे लोकांना म्हणता आले, कारण जॉन्सनने तारीख लिहिली होती. संदिग्ध लिहिणाऱ्याची अशी टवाळी कधी होत नाही. पण त्याचे ऋण फिटलेलेही कधी दिसत नाही.

७

आजच्या परिस्थितीत या प्रश्नाला एक नवी धार आली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वसामान्यांना उपलब्ध झाल्यापासून निर्दोष, गुळगुळीत, कोणाच्याही नसलेल्या वाक्यांचा पुरवठा अमर्याद झाला आहे. वर दिलेला पहिला नमुना यंत्राकडून क्षणात मिळू शकतो; दुसऱ्यासारखे काहीतरीही मिळू शकेल. म्हणजे वस्तू आणि नमुना यांचे जे अद्वैत आपण या गद्यप्रकाराचे वैशिष्ट्य म्हणून मांडले, त्याचे पुराव्याचे मूल्य काही अंशी ओसरले आहे. निवेदनातील वाक्य चांगले आहे, एवढ्यावरून ते निवेदनकर्त्याचेच आहे असे आता म्हणता येत नाही.

तथापि यामुळे आपले प्रतिपादन दुबळे होत नाही. उलट त्यातील भर एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातो. वाक्य कोणीही तयार करू शकेल; त्या वाक्याला उत्तरदायी मात्र माणूसच राहू शकतो. इतिवृत्ते मी वाचीन, मुलाखतीला मी येईन, चूक निघाली तर ती मी दुरुस्त करीन, यंत्राची मदत घेतली तर सांगेन: या विधानांची किंमत त्यांच्या शैलीत नाही, त्यांच्या खाली असलेल्या नावात आहे. ‘करून मिळेल’ या क्रियारूपाने ज्या कर्त्याला पुसले होते तो कर्ता वाक्यात परत आणणे, हे आजच्या लेखनसेवेच्या निवेदनाचे पहिले काम आहे.

साहित्याच्या विभागांपुढेही यातून एक काम उभे राहते. आपले अनेक विद्यार्थी प्राध्यापक होणार नाहीत. जागा नाहीत हे आपण जाणतो. त्यांपैकी काही जण शब्दांवरच जगतील. त्यांना आपण वाचक कसा कल्पावा, वचन कसे घडते, सर्वनाम कोणते निवडावे, हे सर्व काव्य आणि कादंबरीच्या संदर्भात शिकवलेलेच आहे. ते ज्ञान त्यांच्या पोटाच्या प्रश्नालाही लागू आहे, एवढे सांगण्याचे आपण टाळले.

त्या विद्यार्थिनीला मी तिचे पान काही दिवसांनी परत दिले. चारही ठिकाणच्या ‘करून मिळेल’खाली रेघ ओढली होती आणि समासात एकच प्रश्न लिहिला होता: ‘कोण करणार?’ पुढच्या वेळी ती जे पान घेऊन आली ते निम्म्या लांबीचे होते. त्याची सुरुवात ग्राहकाच्या कामापासून होती, शेवटी दर होता, अटी होत्या, आणि त्यांखाली तिचे संपूर्ण नाव होते. शुद्धलेखनाची एक चूक या वेळी राहिली होती. ती मी दाखवली. बाकी पानाला हात लावण्याचे कारण उरले नव्हते.